सूप आणि स्ट्यू यांतला फरक

७ जानेवारी

ती. आई आणि ती. बाबा यांना,

सा. न. वि. वि. साष्टांग घालायला खोलीत जागा नाही. दोन खाटांच्या मधल्या पट्टीत उभी राहूनच नमस्कार करते, तो पुरा धरा.

कामाला लागून आज अकरा दिवस झाले. दवाखान्याचं स्वयंपाकघर आपल्या घराच्या सहापट आहे आणि पातेली एवढी, की बाबांना शिडी लावून ढवळावं लागेल. आमच्या मुख्य बाई बुटक्या आणि कडक आहेत. हातातला डाव त्या झोपेतही सोडत नसतील, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना डावबाई म्हणते. इथे दहा मुलखांच्या बायका आहेत, त्यामुळे सगळा कारभार इंग्रजीत.

माझं काम ट्रे भरायचं. प्रत्येक ट्रेवर एक चिठ्ठी असते. त्यावर खाटेचा नंबर आणि एक इंग्रजी शब्द. शब्द वाचायचा, त्या पातेल्यातलं वाढायचं, ट्रे गाडीवर चढवायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. परवा एका चिठ्ठीवर सूप लिहिलं होतं आणि मी शेजारच्या पातेल्यातलं स्ट्यू वाढलं. मला वाटलं, दोन्ही एकच, पातळ भाजी. ते एका म्हाताऱ्या आजोबांचं होतं. त्यांच्या घशाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्यांना ठसका लागला, चेहरा निळा पडला, नर्सने पाठीत थापा मारून तुकडा बाहेर काढला. मग ती तो तुकडा एका वाटीत घालून खाली घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला. गाजराचा होता, अंगठ्याएवढा. डावबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, की इथे शब्द चुकला की माणूस चुकतो.

बारा मार्चला माझी तोंडी परीक्षा आहे. पास झाले तर कायम, नाहीतर सामान बांधायचं. बाबा, तुम्ही जन्मभर हॉटेलांच्या पाट्या रंगवल्यात. हे शब्द तुम्हाला नाही कळणार तर कोणाला? शाळेत आम्हाला खाण्याच्या सगळ्याला ‘फूड’ म्हणायला शिकवलं आणि बाई मोकळ्या झाल्या. मला एकेक वेगळा करून शिकवा.

आई, निघताना तुझा घास अडकत होता, तो डॉक्टरांना दाखवलास का? नुसतं पाणी पिऊन ढकलू नकोस.

इकडे माझ्यावरचा लोभ उतू जाऊ न देता मंद आचेवर ठेवावा.

तुमची,
खार

*

१६ जानेवारी

चि. खारीला,

अ. उ. आ. त्यातला एक आशीर्वाद बारा मार्चसाठी वेगळा काढून ठेवला आहे, तो आधीच वापरू नकोस.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. गाजराशी तिने मला दोन्ही वेळा थांबवलं. आजोबा वाचले ना, मग तू झोपत जा.

माझं इंग्रजी सगळं शिडीवर शिकलेलं आहे, तेव्हा त्याला व्याकरण विचारू नकोस. उमेदवारीत मी एकदा ‘चिकन सूप’च्या जागी ‘किचन सूप’ रंगवलं होतं. अक्षरं तीच, जागा बदलल्या. मालकाने पुसू दिलं नाही, म्हणाला, गिऱ्हाईक आता तेच मागतं. पण मला लाज वाटली. तेव्हापासून ब्रश बुडवण्याआधी मालकाला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायचो आणि वहीत उतरवायचो. ती वही काल माळ्यावरून काढली. अर्धी उंदरांनी वाचली आहे, अर्धी आपल्याला पुरेल.

फूड म्हणजे खाण्याजोगं सगळंच. ते मोजत नाहीत. मील म्हणजे एका वेळचं बसून केलेलं जेवण, सकाळचं किंवा संध्याकाळचं, ते मोजतात. डिश म्हणजे त्या जेवणातला एक पदार्थ, आणि तो ज्यात वाढतात त्या भांड्यालाही डिशच म्हणतात, इंग्रजांना तेवढी काटकसर आहे. कोर्स म्हणजे जेवणातला एक टप्पा. आधी हे येईल, ते उचललं की मग ते येईल.

आता तुझा गुन्हा. बटाटा-गाजराचे मोठे तुकडे, पाणी बेताचं, मंद आचेवर दीड तास, हे स्ट्यू. ते चावायचं असतं. त्याच भाज्या बारीक करून दोन तांबे पाणी वाढवलं की सूप. ते प्यायचं असतं, चावणं आलंच तर नावापुरतं. ओळखायची खूण सांगतो. चमचा ठेवून काटा घ्यावासा वाटला, तर ते स्ट्यू. काल मी स्वतः करून बघितलं. हो, मी. पोट धरून हसून घे. तुझ्या आईकडे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं आहे, म्हणून शेगडी सध्या माझ्याकडे आहे. तिने नुसता रसा घेतला आणि तुकडे माझ्या ताटात लोटले. लहानपणी तू लोटायचीस तसे.

खाली तिला लिहायचं आहे म्हणते. पेन ओढून घेते आहे, थांबतो.

तुझा बाबा

बयो, यांनी बटाटे सालीसकट शिजवले आणि वर मला म्हणाले, हॉटेलात असंच असतं. माझ्या घशाला डॉक्टरांनी औषध दिलंय, तो विषय संपला. तू टोपी नीट बांध. जेवणात केस निघाला तर शिव्या मला बसतात, आईने शिकवलं नाही म्हणतात. आणि परीक्षा टाकून इकडे पळून आलीस तर दारातून परत पाठवीन. — आई

*

२५ जानेवारी

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि. आज बसून नमस्कार करते, कारण पाय राहिले नाहीत.

बाबा, काट्याची खूण रामबाण निघाली. डावबाईंनी झाकण उघडून एकदम विचारलं, हे काय, आणि मी बघताक्षणी सांगितलं. त्यांनी डाव खाली ठेवला. इथे त्याला शाबासकी म्हणतात.

आमच्या भिंतीवर पाच रंगीत पाट्या आहेत, तुम्ही बघाल तर अक्षरांना नावं ठेवाल. पहिली नेहमीच्या जेवणाची, मग मऊ, मग मॅश, मग प्युरी आणि सगळ्यात खाली पातळ. ऑपरेशन झालेलं माणूस तळाच्या पाटीवर सुरू होतं आणि बरं वाटेल तसं वर चढतं. कोणी एक पाटी वर चढलं, की त्याच्या चिठ्ठीवरचा नवा शब्द डावबाई स्वतःच्या हाताने लिहितात. माझे गाजराचे आजोबा काल पातळवरून प्युरीवर गेले! मी त्यांच्या ट्रेवर एक जास्तीचा रुमाल ठेवला.

पण मॅश आणि प्युरी यांत माझा अजून गोंधळ होतो. दोन्ही लगदाच ना? आणि चॉप आणि मिन्ससुद्धा.

आई, बाबांना शेगडीजवळ जास्त दिवस राहू देऊ नकोस, पातेल्यावर नावं रंगवतील.

लोभाचं झाकण घट्ट लावून ठेवावं.

तुमची,
खार

*

४ फेब्रुवारी

चि. खारीला,

अ. उ. आ., आणि पायांना तेल लाव.

चॉप म्हणजे सुरीने केलेले तुकडे. मोजायचे म्हटलं तर मोजता येतात. मिन्स म्हणजे इतका बारीक चुरा, की मोजणारा वेडा होईल. मॅश म्हणजे शिजवून काट्याने दाबलेलं. त्यात एखादी गुठळी राहिली तर कोणी काही म्हणत नाही. प्युरी म्हणजे वाटून, गाळून, अगदी लोण्यासारखं. त्यात गुठळी राहिली तर मात्र गुन्हा. मॅश घरच्या माणसाने करावा, प्युरी शत्रूकडून करून घ्यावी, एवढे कष्ट आहेत.

अनुभवाचे बोल आहेत. मागच्या सोमवारी बटाट्याचा मॅश केला, तो बरा झाला. गुरुवारी तोच बटाटा चहाच्या गाळणीतून घासून काढला. एका वाटीला पाऊण तास लागला. चाळीस वर्षं ब्रश धरलेलं मनगट एका बटाट्याने सुजवलं. गुठळी तुझ्या आईला चालत नाही, तुला माहीतच आहे.

गणवेशांचं काम अजून चालू आहे. मी बाकी मजेत आहे, तूही राहा.

तुझा बाबा

यांची प्युरी भिंतीला लावायच्या चुन्यासारखी होती. पण खाल्ली. अभ्यास कर. — आई

*

१४ फेब्रुवारी

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि. तोंडात अख्खा शब्दकोश कोंबून नमस्कार.

रविवारी वसतिगृहातला फोन मिळाला म्हणून खालच्या औषधवाल्यांकडे लावला. बाबा आले, पण आई गणवेश पोचवायला गेली होती म्हणाले. बाबा, शाळा रविवारी गणवेश घेते का? आईला सांगा, गिऱ्हाइकांना एवढं डोक्यावर चढवू नकोस. तिचं अक्षरही या वेळी तिरकं आलं होतं. मशीनवर बसून डोळे फोडून घेत असणार.

इकडे माझं बरं चाललं आहे. खोलीतली मैत्रीण रोज मला प्रश्न विचारते, आणि चुकले की माझ्या वाटणीचा पाव खाते. पहिल्या आठवड्यात ती जाड झाली, आता पुन्हा बारीक होते आहे. आजोबा मऊ पाटीवर पोचले. त्यांनी नर्सबरोबर निरोप पाठवला, की स्ट्यूवाल्या मुलीला सांगा, आता पाठव.

पॉरिज आणि ग्रुएल राहिलेत. दोन्ही एकाच धान्याचे आहेत ना? मग दोन नावं कशाला?

आई, या वेळी चार ओळींपेक्षा कमी लिहिलंस तर मी रुसेन.

लोभाची पातळी कमी होऊ नये.

खार

*

२३ फेब्रुवारी

चि. खारीला,

अ. उ. आ.

पॉरिज म्हणजे भरडलेलं धान्य दुधात किंवा पाण्यात घट्ट शिजवलेलं. वाटीत चमचा उभा राहिला पाहिजे. ग्रुएल म्हणजे तेच धान्य, पण इतकं पातळ की कपाला तोंड लावून पिता येतं. एक मूठ धान्य, दोन तांबे पाणी, सारखं ढवळायचं, मग कापडातून गाळायचं. करायला सोपं आहे, अर्धा कप उरला तर करणाऱ्याने पिऊन टाकावा.

ब्रॉथ विचारलं नाहीस, पण तेही पाठ कर. भाज्या उकळायच्या, मग सगळ्या काढून टाकायच्या आणि फक्त पाणी ठेवायचं. पेल्यात ओतल्यावर पेल्याचा तळ दिसला पाहिजे. त्याला चव असते, वास असतो, चावायला काही नसतं. सूप आणि ब्रॉथ यांत फरक इतकाच. आता ग्रुएलनंतर तेच.

आई झोपली आहे, म्हणून तिच्या ओळी नाहीत. रुसू नकोस.

तुझा बाबा

*

३ मार्च

ती. बाबा,

आज अभ्यासाला तुमची तिन्ही पत्रं पुढे घेतली. वहीत डावीकडे आमच्या पाच पाट्या लिहिल्या आणि उजवीकडे तुम्ही घरी काय करून बघितलंत ते. उदाहरणं पाठ झाली की शब्द पाठ होतात, असं डावबाई सांगतात. जानेवारीत आईने रसा घेतला आणि तुकडे लोटले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सोमवारी मॅश, गुरुवारी प्युरी. मग कपभर ग्रुएल, तेही अर्धं उरलेलं. आणि न विचारता ब्रॉथ.

बाबा, आमच्या भिंतीवर माणसं वर चढतात. खाली उतरत जाणारीही काही असतात. त्यांच्या चिठ्ठ्या मी हाताने लावल्या आहेत. एक दिवस त्यांची चिठ्ठी येत नाही.

मी लगेच जाऊन औषधवाल्यांकडे फोन लावला. ते म्हणाले, तुमचे वडील आत्ताच औषध घेऊन वर गेले. कसलं औषध म्हणून विचारलं, तर म्हणाले, पोरी, त्यांनाच विचार. बोलावून घ्या म्हटलं तर तुम्ही दार उघडलं नाहीत.

मला गणवेशांचं सांगू नका. आईने आज काय खाल्लं तेवढं सांगा. आणि मी आत्ता निघू की नको, ते तारेने कळवा. डावबाईंनी ‘जा’ म्हटलं आहे. परीक्षा पुन्हा कधी घेतील ते त्यांच्या हातात नाही.

तुमची मुलगी

*

तार, ९ मार्च

परीक्षा देऊन ये. आई सांगते आहे. घाई नको. बाबा

*

२८ मार्च

चि. खारीला,

आशीर्वाद.

तू नऊ दिवस घरात होतीस. त्या नऊ दिवसांत माझ्याशी एकदाच बोललीस, दूध उतू जातंय म्हणून. तुला दोष देत नाही. स्टेशनवर तू खिडकीतून दुसऱ्या बाजूला बघत होतीस, तेही मी समजलो. तोंडाने सांगायला जमलं नाही ते लिहितो. वाचायचं नसेल तर ठेवून दे.

डॉक्टरांनी नऊ जानेवारीला सांगितलं. अन्ननलिकेत गाठ, ऑपरेशन होण्यापलीकडची. तुझं पहिलं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. ते ऐकून झाल्यावर तुझ्या आईने मला समोर बसवलं आणि सांगितलं, की पोरीला कळता कामा नये, परीक्षा होईपर्यंत तरी नाही. मी भांडलो. तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली, जी लग्नाच्या तीस वर्षांत सांगितली नव्हती. एकोणीस वर्षांची असताना तिला नर्सच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. दोन महिने झाले आणि तिच्या वडिलांना अर्धांग झाल्याचं पत्र आलं. ती चार दिवसांसाठी म्हणून घरी गेली. वडील सहा वर्षं अंथरुणाला होते. तोवर जागाही गेली आणि वयही. ती म्हणाली, वडिलांचं केलं याचं मला वाईट वाटत नाही, पण माझ्या मुलीला मी तसं पत्र पाठवणार नाही.

मग मी खोटं बोलायला लागलो. गणवेश नव्हतेच. मशीनला जानेवारीपासून कोणी हात लावला नव्हता. पण शब्द मात्र मला खोटे शिकवता येईनात. तू परीक्षेत चुकली असतीस. जे करत होतो तेच लिहीत गेलो. तू ओळखावंस असंही कुठेतरी वाटत असेल. ब्रॉथबद्दल तू विचारलं नव्हतंस, मीच लिहिलं.

आता तारेचं. तुझं पत्र नऊला दुपारी आलं. मी ते तिच्यापासून लपवलं नाही. पायांत चपला घातल्या तेव्हा मनात ‘लगेच ये’ असंच ठरवलं होतं. तिने हात धरला. तिच्या हातात जोर राहिला नव्हता, तरी धरला. म्हणाली, तीनच दिवस राहिलेत, बाराला परीक्षा, चौदाला ती इथे, तोवर मी थांबते.

मी थांबते म्हणाली, आणि मी विश्वास ठेवला. आयुष्यात तिने एकाही गिऱ्हाइकाला दिलेली तारीख चुकवली नव्हती. लग्नघरचे ब्लाउजसुद्धा तापात बसून वेळेवर दिले. मला खरंच वाटलं, की थांबेल. तेराला दुपारी गेली. एका दिवसाने चुकली.

तारेतले शब्द तिचे होते, पण पाय माझे होते, पेन माझं होतं. चूक माझीच आहे.

तुझा बाबा

*

२० एप्रिल

चि. खारीला,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. यावंच असं नाही. औषधवाले रोज विचारतात, फोन आला का. मी सांगतो, तिला काम असतं. मी बरा आहे. स्वयंपाक अजून दोघांचाच होतो, हात छोटा होत नाही.

तू जेवतेस ना, एवढंच कळव. एक ओळ पुरे.

तुझा बाबा

*

२ मे

बाबा,

मी जेवते.

परीक्षा पास झाले. कायम झाल्याचं पत्र गेल्या आठवड्यात हातात आलं आणि ते कोणाला दाखवावं ते कळेना. तोंडी परीक्षेत तिघं बसले होते. ग्रुएल आणि पॉरिज यांतला फरक विचारला. मी सांगितलं, चमचा उभा राहिला तर पॉरिज, कपाने पिता आलं तर ग्रुएल. ते हसले, म्हणाले, असं कोणी शिकवलं? मी म्हणाले, वडिलांनी. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि आई जिवंत होती. मी त्या खोलीत हसत होते, बाबा. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमचं पत्र मी फाडणार होते. नंतर वाचलं, नंतर पुन्हा वाचलं. तुम्ही खोटं बोललात याचा राग जाईल की नाही, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर आईचा राग जास्त येतो. तिने माझ्यासाठी ठरवलं आणि मला विचारलं नाही. मी तिच्यासारखी अडकलेच असते असं तिला कोणी सांगितलं? पण तिच्याशी भांडायला ती नाही, म्हणून तिच्या वाटणीचं भांडणही तुमच्यावर येतं. घरी असताना तोंड उघडलं असतं तर काहीतरी असं बोलले असते, की नंतर परत घेता आलं नसतं. म्हणून दुधाबद्दल बोलले.

मला नवं काम दिलं आहे. दुपारी ट्रे परत येतात, तेव्हा प्रत्येक खाटेचं किती संपलं आणि किती उरलं ते बघायचं आणि लिहायचं. अर्धी वाटी. दोन चमचे. हात लावला नाही. डॉक्टर आधी तोच कागद मागतात. सोमवारी एकवीस नंबरच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा खिडकीशी आला. गावाहून आला होता. आईने गेला आठवडाभर काय खाल्लं ते सांगा म्हणाला. मी कागद काढून वाचून दाखवला. तो खांबाला टेकून ऐकत राहिला, जसं काही मी त्याला पत्र वाचून दाखवते आहे. तो गेल्यावर डावबाईंनी मला भाजीच्या पोत्यावर बसवलं.

दोनशे माणसांनी रोज काय खाल्लं ते मला माहीत असतं. माझ्या आईने काय खाल्लं ते मला माहीत नाही.

बाबा, मला ते दिवस लिहून पाठवा. शब्द शिकवू नका. ती काय म्हणाली, कशाला नको म्हणाली, किती उरलं, ते सांगा. गोड करून पाठवू नका. जसे होते तसे.

तुमची,
खार

*

११ मे

चि. खारीला,

आशीर्वाद. पूर्वी मोजून पाठवायचो, आता आहेत तेवढे सगळे तुझे.

पास झालीस. मी हे वाक्य मोठ्याने वाचलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी वाचलं.

तू मागितलेस ते दिवस लिहितो. सगळे आठवत नाहीत. वाईट दिवस एकमेकांत मिसळून गेलेत.

जानेवारीत तिला वाटायचं, की जपून चावलं तर जाईल. एक घास पाच मिनिटं चावायची. मी बघू नये म्हणून मला पाण्याला पाठवायची. एकदा परत आलो तर तो घास तिने रुमालात काढला होता आणि रुमाल उशीखाली ठेवत होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं. पुढे आम्ही दोघंही त्यात पटाईत झालो.

फेब्रुवारीत एका सकाळी म्हणाली, काहीतरी कुरकुरीत पाहिजे. मी घाबरलो. ती म्हणाली, गिळत नाही, नुसतं चावते. मग पाव करपेपर्यंत भाजून दिला. तिने तो कडाकडा चावला आणि वाटीत थुंकला, असे तीन तुकडे. खूप हसली. म्हणाली, आवाज तरी पोटात गेला. तो चांगला दिवस होता. तेव्हा तुला कळवायला पाहिजे होतं.

ज्या दिवशी तू औषधवाल्यांकडे फोन केलास, त्या दिवशी तिने सकाळपासून दोन चमचे ग्रुएल घेतलं होतं आणि तेही उलटलं होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन महिने उशिरा देतो आहे. दाराची कडी वाजली ती आम्ही दोघांनी ऐकली. मी तिचं तोंड पुसत होतो. तिने मान हलवून नको म्हटलं.

दहा मार्चला ब्रॉथ मागितलं. केलं. दोन चमचे घेतलं, बाकी सगळं राहिलं. अकराला काहीच नाही. दुपारी म्हणाली, कांदा परता, वास येऊ दे. मी दार उघडं ठेवून कांदा परतला. ती डोळे मिटून पडून होती. मला वाटलं झोपली, तर आतून म्हणाली, जळतोय.

बाराला ती पहाटेपासून जागी होती. घड्याळ तिच्या समोर ठेवायला लावलं. अकरा वाजता म्हणाली, बसली असेल. मग म्हणाली, तिला काय विचारतील ते मला वाचून दाखवा. मी वही घेतली आणि एकेक शब्द वाचत गेलो. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी प्रत्येक शब्दाला हूं म्हणत होती. पाऊण तास असा गेला. तू तिकडे हसलीस, ते वाचून मला बरं वाटलं. तिलाही वाटलं असतं. त्या दिवशी पाण्याचे चार चमचे गेले.

तेराला सकाळी तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, तुम्ही कधीपासून जेवला नाहीत? मी जेवत होतो, पण तिचं जे उरायचं तेच. तिच्यासाठी गाळलेलं, तिच्यासाठी अळणी केलेलं. दुसरं करून एकट्याने खाणं जमत नव्हतं. तिने मला तिच्यासमोर बसून जेवायला सांगितलं. घरात तीन अंडी होती आणि थोडा पाव. ती तळली, ताट घेऊन तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसलो. पहिला घास घेतला, तसं तिने विचारलं, मीठ बरोबर आहे का हो? बरोबर आहे, असंच म्हणणार होतो. पण खोटं बोलून बोलून तोंड विटलं होतं. म्हणालो, घालायलाच विसरलो. ती म्हणाली, मग उठा, घ्या की, माझ्या नावाने अळणी कशाला खाता.

मी उठलो, मीठ घेतलं आणि परत येऊन बसलो. सगळं ताट संपवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, शेवटच्या घासापर्यंत. मग म्हणाली, आता झोपते. ताट घासून परत आलो तेव्हा श्वास चालू होता. दोनच्या सुमाराला थांबला.

तिने त्या दिवशी काही घेतलं नाही. कागदावर काय लिहितेस अशा वेळी? हात लावला नाही, असंच ना? तसंच लिही.

भांडायचं राहिलं असेल ते ये आणि भांड. तिच्या वाटणीचंही माझ्याशीच भांड, मी ऐकेन. लोभ कर असं लिहायला पेन धजत नाही. पत्र मात्र पाठवत जा.

तुझा बाबा